पळीभर गोडेतेल

रेल्वेचा मोठा संप झाला त्या वर्षी मी शिरूरच्या रायफल क्लबाचा सेक्रेटरी होतो. पुण्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. अक्षर बरं आणि लिहिणं नेमकं, एवढ्यावर ते पद मला मिळालं होतं. क्लब म्हणजे सोसायटीच्या गोदामामागची एक लांबट खोली. एका टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत, दुसऱ्या टोकाला टेबल. अध्यक्ष माझे चुलते होते. सोसायटीचे चेअरमनही तेच. सगळा तालुका त्यांना आप्पा म्हणायचा आणि मीही आप्पाच म्हणत असे.

क्लबाकडे दोन साध्या एअर रायफली होत्या. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आप्पांनी पुण्याहून तिसरी आणली. ती जर्मन बनावटीची, खास स्पर्धेसाठी घडवलेली आणि तिथल्या एका क्लबानं मोडीत काढलेली होती. वजन इतकं, की पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात खाली जायचा. मागे एक गोल तबकडी आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. त्या भोकातून नळीच्या टोकावरचं कडं दिसायचं आणि त्या कड्यात लक्ष्याचा काळा ठिपका धरायचा. पण तबकडीचे स्क्रू गंजून बसले होते, दस्त्यावर कुणीतरी तांबडं व्हार्निश फासलं होतं, आणि चाप ओढला की छर्रा टेबलापुढे वीतभर अंतरावर पडून लोळायचा.

अशा रायफलीत दारू नसते. तरफ ओढली की आतली जाड स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती सुटते आणि दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्यापुढची हवा दाबली जाते आणि छर्ऱ्याला नळीबाहेर फेकते. दट्ट्याच्या तोंडावर चामड्याची एक उथळ वाटी असते. तिला वॉशर म्हणतात. ही वाटी सिलिंडरला चिकटून बसली नाही तर हवा मागे निसटते. आमच्या रायफलीतला वॉशर भुगा झाला होता आणि स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते.

पहिला प्रयत्न मी केला. बाजारपेठेतल्या दुकानातून स्टोव्हच्या पंपाचा सर्वांत मोठा वॉशर आणला, कडेनं कातरला आणि बसवला. स्प्रिंगचे तुकडे तसेच एकावर एक ठेवले. छर्रा लक्ष्यापर्यंत पोचला, पण पोचल्याचा आवाज आला नाही. आप्पांचा मुलगा म्हणाला, "स्टोव्हच लावायचा व्हता की सरळ. चहा तरी झाला असता."

दौंडच्या फिटरांचं नाव मला एसटीच्या एका मेकॅनिकनं सांगितलं. ते रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होते. त्याआधी सात वर्षं पलटणीत हत्यारांच्या दुरुस्तीवर होते. मूळ गाव कवठे येमाई, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. मी रायफल घोंगडीत गुंडाळली, न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरलो आणि तिथून दौंडची गाडी धरली. रेल्वे कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. ते व्हरांड्यात पोत्यावर बसले, रायफल मांडीवर घेतली आणि काही विचारण्याआधी ती पूर्ण खोलली. प्रत्येक भाग निघेल त्या क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडत गेले. माझा वॉशर निघाला तेव्हा त्यांनी तो चिमटीत धरून माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो कुणी बसवला?"

"मी."

"बरं झालं सांगितलंत. न्हाईतर मी जर्मनाला नावं ठेवली असती."

आतून त्यांच्या पत्नी हसल्याचं ऐकू आलं.

मी मजुरी विचारली. त्यांनी नको म्हटलं. पुण्याच्या जिल्हा स्पर्धेला क्लबाची तीन नावं जातात ना, असं त्यांनी विचारलं. जातात, मी म्हणालो.

"तिसरं नाव माझं घाला. तीच मजुरी."

मग त्यांनी कारण सांगितलं, ते मी तेव्हाही नीट समजून घेतलं होतं. रेल्वेच्या नेमबाजी संघाची निवड चाचणी हिवाळ्यात होती. चाचणीला बसायचं तर एखाद्या मान्य स्पर्धेतल्या गुणांचा कागद जोडावा लागे. तसल्या स्पर्धेत क्लबामार्फतच उतरता येत असे आणि दौंडात क्लब नव्हता. संघात आलं तर सरावाची सवलत मिळे, पुढे बदलीही. वयाची अट पस्तीसच्या आत अशी होती.

"औंदा चौतीस हाय. पुढल्या साली कागद मिळून उपयोग न्हाई."

मी म्हणालो, "नाव घालतो."

"आप्पांना विचारायला नको?"

"सेक्रेटरी मी आहे."

शिरूरला आल्यावर मी आप्पांना सांगितलं की दौंडचा एक चांगला माणूस फुकटात रायफल करून देतोय आणि संघात येतो म्हणतोय. आप्पांनी विचारलं, "कुठला?"

"मूळचा कवठ्याचा."

"कवठ्यात कुठं?"

"ओढ्याच्या पलीकडं," मी म्हणालो.

कवठ्याच्या ओढ्यापलीकडे बौद्धांची वस्ती होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आप्पांनी पान लावलं. "करू दे आधी. मग बघू," म्हणाले. मी ते होकार म्हणून धरलं, कारण मला तसं धरायचं होतं.

काम साडेतीन महिने चाललं. दर पंधरवड्याला मी दौंडला जात असे, कधी बातमीच्या निमित्तानं, कधी नुसताच. त्यांनी वॉशरसाठी लेथच्या जुन्या पट्ट्याचं चामडं निवडलं होतं. ते कोमट पाण्यात भिजवलं. शेडमध्ये सुट्टीनंतर पितळेचा एक साचा कातला आणि भिजलेलं चामडं त्यात स्क्रूनं दाबून चार दिवस तसंच ठेवलं. साच्यातून वाटी निघाली ती कडक आणि फिकट होती. मग चरबी पातळ करून तिच्यात ती वाटी बुडवली, काढली, पुसली, पुन्हा बुडवली. पहिली वाटी त्यांना पसंत पडली नाही. दुसरीही नाही. दोन्ही मला तिसरीसारख्याच दिसत होत्या. स्प्रिंगसाठी पुण्याच्या जुन्या बाजारातून पोलादी तार आणली आणि एकाऐवजी दोन स्प्रिंगा वळल्या. तबकडीचे स्क्रू त्यांनी आठवडाभर रॉकेलमध्ये भिजत ठेवले आणि मग दोन बोटांनी फिरवून काढले. दस्त्यावरचं तांबडं व्हार्निश काचेच्या तुकड्यानं खरवडलं. खालून अक्रोडाचं लाकूड निघालं. त्याला ते रोज संध्याकाळी तळहातानं जवसाचं तेल चोळत.

सप्टेंबरात त्यांनी मला रायफल दिली. देण्याआधी क्वार्टरांच्या मागे, रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या ढिगापुढे लक्ष्याचा कागद लावून उभ्यानं पाच छर्रे मारले. मी कागद काढून आणला. पाचही छर्रे एका भोकातून गेले होते. भोक पाच पैशांच्या नाण्याखाली झाकलं गेलं असतं. मग मी मारले. माझ्या पाच छर्ऱ्यांवर बशी ठेवावी लागली असती.

"तुम्ही ओढताय," ते म्हणाले. "चाप ओढायचा न्हाई. दाबत राहायचा. तो कवा सुटला ते आपल्याला कळता कामा नये."

निघताना त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली.

"तेल लाकडाला चालंल. लोखंडाला बाहेरनं पुसायपुरतं. आत थेंब न्हाई घालायचा. वॉशरला प्यायचं तेवढं मी पाजलंय."

मी का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "सायकलीला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना हाताला? हवा दाबली की तापती. इथं तर एका झटक्यात दाबती. त्यात तेल असलं की पेट घेणार. डिझेलचं इंजिन आन् काय असतं?"

मी हे वहीत लिहून घेतलं. न ऐकल्याची किंवा न समजल्याची सबब मला नाही.

खंडेनवमीला क्लबात हत्यारांची पूजा असे. त्या वर्षी नव्या रायफलीमुळे गर्दी जास्त होती. टेबलावर पांढरं कापड, त्यावर तीन रायफली, आप्पांची परवान्याची बंदूक, कुणीतरी आणलेली तलवार, शिवाय पाना, पक्कड आणि गोदामातला तराजू. फिटरांना बोलावणं गेलं नव्हतं. बोलावणं पाठवणं माझं काम होतं. ते पूजा करत नाहीत, येणार नाहीतच, असं मी स्वतःशी म्हटलं होतं.

हळदकुंकू झालं. फुलं वाहिली. आप्पांनी आपल्या बंदुकीच्या नळीत समईतलं तेल पळीनं सोडलं. त्यांचे वडील असंच करत. मग त्यांनी जर्मन रायफलीकडे बोट केलं आणि पळी माझ्या हातात दिली.

"हिच्यात बी सोड. कोरडं हत्यार पुजत न्हाईत."

समईत गोडेतेल होतं. पळीच्या दांड्याला आणि तोंडाला कुंकू लागलेलं होतं. फिटरांचं वाक्य मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवत होतं. तीसेक माणसं होती. आप्पांना सर्वांदेखत नाही म्हणायचं, आणि ते दौंडच्या फिटरच्या सांगण्यावरून म्हणायचं, हे मला अवघड वाटलं. मी छर्रा घालायच्या तोंडातून पळीभर तेल आत सोडलं. ते सावकाश खाली उतरलं. कुणीतरी म्हणालं, "पितीय बघा कशी."

नारळ फुटल्यावर पहिला बार काढायचा मान आप्पांचा होता. त्यांनी दारात उभं राहून रायफल आभाळाकडे धरली आणि चाप ओढला. खऱ्या बंदुकीसारखा आवाज झाला. नळीतून निळसर धूर निघाला. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. लोक खूश झाले. आप्पाही खूश झाले आणि त्यांनी दुसरा बार काढायला तरफ ओढली. आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि तरफ सैल पडली. खोलीत जळक्या चामड्याचा वास पसरला.

मग आप्पांचे मेहुणे म्हणाले, "वॉशर गेला. चामडं कच्चं लावलं आसंल."

"फुकटात काय पक्कं मिळतंय," दुसरा एक म्हणाला.

मेहुणे पुढे म्हणाले, "ढोरं ओढायची सोडली, तवाच चामड्याची पारख बी गेली त्यांची." लोक हसले. मी हसलो नाही. पण तेल मी घातलं, म्हणून हे झालं, असंही म्हणालो नाही. पळी माझ्या हातात होती. मी ती ताम्हनात ठेवली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी कमिटीची सभा झाली. विषय दोन होते. रायफल आणि स्पर्धेची नावं. पहिल्या दोन नावांवर चर्चा नव्हती. एक आप्पांचा मुलगा, दुसरा मी. तिसऱ्यावर आप्पा म्हणाले, "ज्याला वॉशर बसवता येत न्हाई, त्याला संघात घेऊन करायचं काय?" मग मेहुण्यांचं नाव निघालं आणि पक्कं झालं.

इतिवृत्त मी लिहिलं. त्यातलं वाक्य असं होतं: "रायफलीची पाहणी केली असता दौंड येथे बसविलेला वॉशर सदोष असल्याचे आढळून आले." पाहणी कुणी केली नव्हती. कुणाला आढळलं ते वाक्यात नाही. अशी वाक्यं लिहायला मी बातमीदारीत शिकलो होतो. कर्ता काढून टाकला की वाक्य तटस्थ दिसतं.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. मी गप्प राहिलो तो केवळ आप्पांच्या धाकानं नाही. तिघांच्या संघात माझे गुण सर्वांत जास्त असतील असा माझा हिशेब होता. फिटर आले असते तर तसं झालं नसतं.

आप्पांनी सांगितलं, त्याची बंदूक त्याला दाखव, त्याचं काम त्याला बघू दे. मंगळवारी मी पुन्हा दौंडला गेलो. ते नुकतेच पाळीवरून आले होते. हातपाय धुऊन व्हरांड्यात बसले, रायफल खोलली, दट्ट्या बाहेर काढला आणि नाकाशी नेला. वॉशर कडेनं काळा पडून चिरला होता. स्प्रिंग टोकापाशी तुटली होती. त्यांनी सिलिंडर उजेडाकडे धरून आत बराच वेळ पाहिलं.

"तेल घातलंय."

मी म्हणालो, "पूजेच्या वेळी थोडं लागलं असेल."

"पूजेचं लागलं तर बाहेरनं लागतं." त्यांनी सिलिंडर खाली ठेवला. "कुणी घातलं?"

"गर्दी होती. नक्की नाही सांगता येणार."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या नाहीत. दाराशीच थांबल्या.

"नाव गेलं का माझं?" फिटरांनी विचारलं.

मी सभेत काय झालं ते सांगितलं. इतिवृत्तातलं वाक्यही सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही. बहुधा ते वाक्य म्हणून नीट होतं म्हणून.

"फारम कवा जायचाय?"

"शनिवारी आप्पांची सही होईल. सोमवारी पुण्यात द्यायचा आहे."

"म्हंजी चार दिस हायेत." ते माझ्याशी शांतपणे, एखाद्या मशीनविषयी बोलावं तसं बोलत होते. "वहीत लिहिलेलं खोडता येतं. तुम्ही आप्पांना येवढंच सांगा की आत तेल गेलं व्हतं. कुणी घातलं ते नका सांगू. मला त्याच्याशी काय करायचंय? तेल गेलं व्हतं, येवढंच."

दारातून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आन् ते खरंच हाय ना, दादा?"

"खरं आहे," मी म्हणालो. "सांगतो."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी आप्पांना दिवसातून दोनदा भेटलो. बुधवारी त्यांना ताप होता. गुरुवारी पंचायत समितीची माणसं बसली होती. शुक्रवारी ते एकटे होते, गोदामाच्या ओट्यावर, आणि मी त्यांच्याशी कांद्याच्या भावाविषयी बोललो.

शनिवारी दुपारी आम्ही क्लबात फॉर्म भरत होतो. आप्पा, त्यांचा मुलगा, मेहुणे आणि मी. फिटर दारात आले. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली रायफल होती. रजा टाकून आले होते. दुसरी स्प्रिंग हाताशी होती, वॉशर त्यांनी साचा चुलीच्या उबेला ठेवून तीन रात्रींत केला होता.

इथे मला माझ्या बोलण्याविषयी सांगायला हवं. दौंडला मी त्यांना तुम्ही म्हणत असे. आप्पांसमोर मला तुम्ही म्हणवेना आणि तू तर म्हणताच येईना. मी म्हणालो, "झाली का रायफल?" त्यानंतर ते तिथे होते तोवर मी त्यांना उद्देशून एकही वाक्य बोललो नाही.

आप्पा म्हणाले, "ये. दाखव काय केलंस."

फिटरांनी कागद लावला, पोत्यांच्या भिंतीपुढे दहा मीटरवर उभे राहिले आणि पाच छर्रे मारले. मेहुणे कागद काढायला गेले आणि तिथेच कागद डोळ्यापुढे धरून उभे राहिले. मग तो आप्पांना आणून दिला. आप्पांनी भोकातून बोटाचं टोक घालून पाहिलं.

"आता झाली बघ नीट," ते म्हणाले. "हीच आधी केली असती तर?"

फिटरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. टेबलापाशी मी बसलेलो होतो, पुढे फॉर्म होता, हातात पेन होतं. तिसऱ्या ओळीत मेहुण्यांचं आडनाव लिहून झालं होतं, नाव लिहायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्यांनीच मला मंगळवारी तयार करून दिलं होतं. मी फॉर्मकडे पाहत राहिलो. ते किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. आप्पांच्या मुलानं तेवढ्यात एक छर्रा डबीतून काढून परत डबीत टाकला, तो आवाज आठवतो.

मग फिटर म्हणाले, "व्हय आप्पा. पहिल्या वेळंला माझंच चुकलं. चामडं नीट मुरलं नव्हतं. आता चूक काढली. नाव घेता आलं तर बघा."

जी चूक त्यांची नव्हती ती त्यांनी कबूल केली. माझ्यासमोर. मी खरं बोलत नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे तेवढाच मार्ग उरला होता.

आप्पांना हे आवडलं. चूक कबूल करणारा माणूस त्यांना आवडत असे. "मानलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आता फारम भरला. पुढल्या साली पहिलं नाव तुझं. कसं?"

पुढल्या सालाचं त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वयाच्या अटीबद्दल फिटरही काही बोलले नाहीत. बहुधा आणखी मागण्यासारखं त्यांच्याकडे काही राहिलं नव्हतं. त्यांनी घोंगडी घडी केली, काखेत धरली आणि म्हणाले, "येतो आप्पा." आप्पांनी चहा घेऊन जा म्हटलं. ते गाडीची वेळ सांगून निघाले.

मी तिसरी ओळ पूर्ण केली.

पुण्याच्या स्पर्धेत आम्ही तिघांनीही तीच रायफल आळीपाळीनं वापरली. मेहुण्यांचे दोन छर्रे कागदाबाहेर गेले. माझे गुण तिघांत सर्वांत जास्त भरले आणि एकूण यादीत मी निम्म्याच्याही खाली होतो. रायफलीत कसलाही दोष नव्हता. तपासनिसानं ती हातात घेऊन तरफ दोनदा ओढली आणि विचारलं, काम कुणाकडून केलंत. मी सांगितलं, तालुक्यातच केलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी दौंडला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. फिटर व्हरांड्यात शेजाऱ्याच्या शिवणयंत्राची मूठ दुरुस्त करत होते. मला बसायला पोतं दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किती पडलं?"

मी गुण सांगितले. त्यांनी मान हलवली. "हात हालतोय तुमचा शेवटाला. श्वास पुरा धरून ठेवताय. निम्मा सोडून मग थांबायचं." मग मुठीचा स्क्रू आवळत म्हणाले, "रायफल कशी चालली?"

"चांगली चालली."

थोड्या वेळानं मी म्हणालो, "तेल मी घातलं होतं."

त्यांनी हात थांबवला नाही. "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"आत कुंकू व्हतं. तुम्ही मंगळवारी आला तवा तुमच्या वहीच्या कडंला बी व्हतं तसलंच. आन् घालणारा दुसरा कुणी असता तर तुम्ही त्याचं नाव सांगितलं असतंत." त्यांनी मूठ फिरवून पाहिली. "मला सांगून काय व्हतंय? मला तर ठाऊकच व्हतं. ज्याला ठाऊक न्हाई, त्याला सांगायचं व्हतं."

मी म्हणालो, अजून सांगता येईल.

"सांगा की. आता माझ्यासाठी नका सांगू. माझं झालं ते झालं." आतून त्यांच्या पत्नींनी काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "न्हाई, च्या नको, ते निघालेत."

मी निघालेलो नव्हतो. मग निघालो.

पुढल्या महिन्यात कमिटीची सभा झाली. मेहुण्यांना संघात घेऊन चूक झाली, यावर बरीच थट्टा झाली. मेहुणेही तीत सामील होते. आप्पा त्या दिवशी खुशीत होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं, असं आज वाटतं. तेल सोडायला त्यांनीच सांगितलं होतं. फार तर म्हणाले असते, मला आधी का बोलला नाहीस. दंड नव्हता, भांडण नव्हतं, माझं सेक्रेटरीपदही गेलं नसतं. फिटरांना त्याचा उपयोग नव्हता, पण त्यांच्यावरचा ठपका वहीतून निघाला असता.

शेवटी आप्पांनी नेहमीप्रमाणे सगळीकडे पाहून विचारलं, "अजून कुणाचं काय हाय का?"

सगळे उठायच्या बेतात होते. मेहुणे चपला शोधत होते. आप्पांची नजर माझ्यावर आली, कारण मी अजून बसलेलो होतो.

"न्हाई," मी म्हणालो, आणि वही मिटली.